पृथ्वीचे वकीलपत्र

१९४३ साल. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात आर्थर गॅल्स्टन नावाचा एक तरुण संशोधक सोयाबीनच्या रोपांवर प्रयोग करीत होता. त्याचा ध्यास साधा होता. उत्तरेकडे थंडी लवकर उतरते आणि शेंगा भरण्याआधीच हंगाम हातचा जातो. रोप जरा लवकर फुलवता आले तर शेतकऱ्याच्या पदरात पीक पडेल. एका रसायनाची अगदी थोडी मात्रा दिल्यावर रोपे खरोखरच लवकर फुलली. आनंदाच्या भरातही त्याने आणखी एक गोष्ट इमानाने नोंदवून ठेवली : मात्रा वाढवली की रोपाची पाने गळून पडतात.

एरवी अशी ओळ प्रबंधाच्या पानांत दडून राहिली असती. पण तो युद्धाचा काळ होता आणि लष्कराच्या प्रयोगशाळा नेमक्या अशाच ओळी हुडकत होत्या. शत्रू जंगलात लपत असेल, तर जंगलाची पानेच झाडून टाकता येतील का? गॅल्स्टन यांच्या निष्कर्षाने या विचाराला वाट दाखवली. पुढची रसायने वेगळी होती, अधिक जहाल होती. १९६२ पासून अमेरिकी विमाने व्हिएतनामच्या रानांवर घिरट्या घालू लागली आणि १९७१ पर्यंत त्यांनी तिथे सुमारे साडेसात कोटी लिटर तणनाशके ओतली. पिंपांवरच्या नारिंगी पट्ट्यामुळे त्यातल्या सर्वांत कुप्रसिद्ध मिश्रणाला ‘एजंट ऑरेंज’ हे नाव पडले. दक्षिणेच्या खाड्यांमधली खारफुटीची बने उभ्याउभ्या मेली. खारफुटी गेली की खाडीचे काय होते, हे कोकणच्या वाचकाला निराळे सांगायला नको. त्या मिश्रणातले डायॉक्सिन मातीत मुरले, माशांत उतरले, मातांच्या दुधात शिरले.

आपल्या प्रयोगाच्या मुळाला कसले फळ लागले हे गॅल्स्टन यांना कळले, तेव्हा ते येल विद्यापीठात प्राध्यापक होते. माणूस मुळापासून हादरला. शास्त्रज्ञाने शोध लावावा आणि हात झटकून मोकळे व्हावे, हे त्यांना मान्य नव्हते. १९६६ मध्ये त्यांनी सहकारी वनस्पतिशास्त्रज्ञांना हाताशी धरून अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्याकडे दाद मागितली. फवारणी थांबली नाही. ते लिहीत राहिले, बोलत राहिले, दारे ठोठावत राहिले.

फेब्रुवारी १९७० मध्ये वॉशिंग्टन येथे युद्ध आणि राष्ट्रीय जबाबदारी या विषयावर परिषद भरली. तिथे गॅल्स्टन यांनी एक नवा शब्द उच्चारला : ‘इकोसाइड’. ग्रीक भाषेत ‘ओइकोस’ म्हणजे घर, आणि शब्दाची शेपटी मारणे या अर्थाच्या लॅटिन धातूतून आलेली. घराचाच खून! असा शब्द घडवण्याची वाट आधी एका निर्वासित वकिलाने मळून ठेवली होती. राफाएल लेमकिन यांनी १९४४ मध्ये ‘जेनोसाइड’ हा शब्द घडवला, आणि १९४८ मध्ये त्यावर आंतरराष्ट्रीय करारही झाला. चार वर्षांत शब्दाचा कायदा बनला. गॅल्स्टन यांच्या शब्दाच्या कपाळी मात्र अर्ध्या शतकाची पायपीट लिहिलेली होती.

आरंभ तर आशादायी झाला. वर्ष संपता संपता अमेरिकेने फवारणी आवरती घेण्याचा निर्णय जाहीर केला. जून १९७२ मध्ये स्टॉकहोमला संयुक्त राष्ट्रांची पर्यावरण परिषद भरली. यजमान देशाचे पंतप्रधान ओलोफ पाल्मे यांनी व्यासपीठावरून इकोसाइडचा धिक्कार केला. बाहेरच्या देशांचे सरकारप्रमुख म्हणून तिथे एकट्या इंदिरा गांधी आल्या होत्या. पण परिषदेच्या अंतिम जाहीरनाम्यात तो शब्द उतरला नाही. पुढच्या वर्षी प्राध्यापक रिचर्ड फॉक यांनी इकोसाइडविरोधी कराराचा मसुदा लिहून काढला. तो मसुदाच राहिला. मग हा शब्द संयुक्त राष्ट्रांच्या दालनांत शिरला आणि बाहेरच्या जगाच्या दृष्टीने जणू अदृश्य झाला.

शब्दाच्या जन्मानंतर पस्तीस वर्षांनी, लंडन. २००५ साली अपील न्यायालयात पॉली हिगिन्स नावाच्या बॅरिस्टर एका कामगाराची बाजू लढत होत्या. कामावर असताना त्याला गंभीर दुखापत झाली होती. खटला तीन वर्षे चालला होता. शेवटच्या दिवशी निकालाची वाट पाहताना त्यांची नजर खिडकीबाहेर गेली. आपल्या अशिलासारखीच ही पृथ्वीही जबर जखमी आहे, असे त्यांच्या मनात आले. आणि पाठोपाठ दुसरा विचार आला, की पृथ्वीला एक चांगला वकील हवा आहे. विजेसारखा आलेला विचार विजेसारखाच निघून जातो. हा गेला नाही.

त्यांनी कायद्याची पुस्तके धुंडाळली. प्रदूषणाला दंड होता, परवान्याच्या अटी होत्या, नुकसानभरपाईचे तक्ते होते. पण एखादे अख्खे खोरे, अख्खी नदी, अख्खे रान संपवण्याचा हुकूम ज्याने दिला, त्या माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करील असे कलम शांततेच्या काळासाठी आंतरराष्ट्रीय कायद्यात कुठेच नव्हते. युद्धगुन्ह्यांत एक पुसट वाक्य होते, तेवढेच. एका सभेत श्रोत्यांमधून कुणीतरी म्हणाले की या विध्वंसासाठी आपल्याला नवी भाषा लागेल. हिगिन्स यांना चटकन ‘जेनोसाइड’ आठवला आणि ‘इकोसाइड’ सुचला. त्यांनी चालती वकिली सोडली, घर विकले. एप्रिल २०१० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विधी आयोगापुढे त्यांचा प्रस्ताव गेला : वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे, युद्धगुन्हे आणि आक्रमण या चार महागुन्ह्यांच्या पंगतीत इकोसाइड हा पाचवा बसवावा.

असे कलम नसले म्हणजे काय होते, याचे उत्तर त्याच वर्षी जून महिन्यात आपल्याच देशात मिळाले. भोपाळच्या वायुकांडाचा फौजदारी निकाल पंचवीस वर्षांनी लागला. रस्त्यावरच्या अपघाती मृत्यूला जे निष्काळजीपणाचे कलम लावतात, तेच तिथे लागले होते. हजारो मृत्यू, आणि शिक्षा दोन वर्षांची. आरोपी त्याच दिवशी जामिनावर सुटले. न्यायाधीशाच्या हातात दुसरे काही नव्हते. जो गुन्हा कायद्याच्या पुस्तकात नसतो, त्याची शिक्षा कुठून आणायची?

हिगिन्स यांच्या प्रस्तावाला आयोगाकडून मौनच मिळाले. मग त्यांनी वकिलाच्या बुद्धीने एक चाल खेळली. कायदा अस्तित्वात नसेल, तर तो आहे असे समजून खटला चालवून पाहू! ३० सप्टेंबर २०११ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या इमारतीत लटका खटला उभा राहिला. कंपन्या आणि त्यांचे मुख्य अधिकारी काल्पनिक होते. वकील मात्र खरे होते, ज्युरीही होती. मायकेल मॅन्सफील्ड यांच्यासारखा नामवंत वकील फिर्यादी पक्षाकडून उभा राहिला. ज्युरीने डोळे मिटून सगळ्यांना दोषी ठरवले नाही, आणि मला या प्रयोगाचे खरे यश त्यातच दिसते. मेक्सिकोच्या आखातातल्या तेलगळतीच्या आरोपातून सुटका झाली. कॅनडातल्या डांबरी वाळूच्या उत्खननाबद्दल मात्र दोष सिद्ध झाला. पुराव्यांची छाननी होऊ शकते, दोषी आणि निर्दोष यांत फरक करता येतो, हे त्या दिवशी दिसले. कल्पना न्यायालयाच्या कसाला उतरली होती.

आणि मग कथेला अनपेक्षित कलाटणी मिळाली. लंडन विद्यापीठातले काही संशोधक संयुक्त राष्ट्रांची जुनी कागदपत्रे चाळीत होते. २०१२ मध्ये त्यांनी जे उजेडात आणले, त्याने हिगिन्सही थक्क झाल्या. हा पाचवा गुन्हा नवा नव्हताच! तो एकदा मसुद्यात होता. विधी आयोगाने वर्षानुवर्षे त्यावर चर्चा केली होती. १९९१ च्या मसुद्यात पर्यावरणाच्या हेतुपुरस्सर व गंभीर हानीचे सव्विसावे कलम चक्क छापलेले होते. ‘हेतुपुरस्सर’ या शब्दावरून वाद पेटला, काही सरकारांनी हरकती घेतल्या, आणि १९९६ पर्यंत ते कलम मसुद्यातून गळले. आयोगाचे एक सदस्य ख्रिस्टियान टोमुशाट यांनी नंतर लिहून ठेवले, की अनेकांच्या मनात अण्वस्त्रांचा प्रश्न होता आणि त्याने पारडे फिरवले. दोन वर्षांनी रोम करार झाला आणि आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा पाया घातला गेला. त्यात चारच गुन्हे उरले. म्हणजे जागा रिकामी नव्हती, ती रिकामी करण्यात आली होती.

सरकारे ऐकत नाहीत, तर नागरिकांकडे जावे असे ठरले. युरोपीय संघात तेव्हा नवी तरतूद आली होती : बारा महिन्यांत किमान सात देशांतून दहा लाख सह्या जमवल्या, तर युरोपीय आयोगाला मागणीची दखल घ्यावीच लागते. जानेवारी २०१३ मध्ये मूठभर तरुण स्वयंसेवकांनी हे धाडस अंगावर घेतले. पाठीशी मोठी संस्था नाही, गाठीला पैसा नाही. कित्येक देशांत सहीबरोबर ओळखपत्राचा क्रमांक द्यावा लागे. तो पाहूनच लोक कचरत. वर्ष संपले तेव्हा लाखाच्या घरातल्या सह्या हाती होत्या. दहा लाखांचे शिखर पार दूर राहिले.

या अपयशातून हिगिन्स यांनी एक गोष्ट उचलली. सही करणाऱ्याच्या हाती उलट काहीतरी पडले पाहिजे. २०१७ मध्ये जोजो मेहता यांच्या साथीने त्यांनी नवी मोहीम उभारली. कुणीही पाच पौंड भरावेत, एका विश्वस्तपत्रावर सही करावी आणि पृथ्वीचे रक्षक म्हणून नाव नोंदवावे. झाडतोडीला किंवा खाणीला आडवे पडल्याबद्दल पकडले गेलेल्या माणसाने हा कागद सदसद्विवेकाचा पुरावा म्हणून न्यायालयात दाखवावा. आणि जमलेला पैसा जायचा तो छोट्या बेटराष्ट्रांचा आवाज हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयापर्यंत पोचवण्यासाठी. आपल्याकडे वकील उभा राहायचा तर अशिलाने वकीलपत्रावर सही करावी लागते. इथे अशिलाला हात नव्हते. पाच-पाच पौंड भरणारे लोक पृथ्वीच्या वतीने सह्या करत होते.

मोहीम वेग घेत होती आणि तिच्या कर्णधारालाच दुखण्याने गाठले. मार्च २०१९ मध्ये हिगिन्स यांना फुप्फुसाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. तो झपाट्याने पसरणारा होता. आपण राहिलो नाही तरी आपले सहकारी हे काम पुढे नेतील, असे त्यांनी शांतपणे सांगितले. २१ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, त्या गेल्या. वय अवघे पन्नास. त्याच आठवड्यात लंडनचे रस्ते हवामान-आंदोलकांनी अडवून धरले होते. जुलैमध्ये त्याच आंदोलकांनी एक निळी होडी ओढत आणली आणि रॉयल कोर्ट्स ऑफ जस्टिससमोर भररस्त्यात उभी केली. होडीवर नाव होते : पॉली हिगिन्स.

डिसेंबर उजाडला. हेगमध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या सदस्य राष्ट्रांची सभा भरली होती. वानुआतू या जेमतेम तीन लाख वस्तीच्या बेटदेशाचे राजदूत उभे राहिले आणि पर्यावरणाच्या विध्वंसाला गुन्हा ठरवण्याचा विचार व्हावा, असे त्यांनी बजावले. पाठोपाठ मालदीवने तीच मागणी केली. समुद्र ज्यांच्या अंगणात शिरला आहे, त्यांनीच तो शब्द पुन्हा सभागृहात आणला होता.

इकडे फ्रान्समध्ये वेगळाच प्रयोग चालला होता. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे यदृच्छेने निवडलेले दीडशे सामान्य नागरिक हवामानविषयक उपाय सुचवण्यासाठी महिनोन्‌महिने एकत्र बसत होते. त्यातले काही शाळकरी वयाचेही होते. जून २०२० मध्ये त्यांनी इकोसाइड हा फौजदारी गुन्हा करावा आणि त्यासाठी सार्वमत घ्यावे, असा आग्रह धरला. सार्वमत झाले नाही. पुढच्या वर्षी कायदा आला तो दर्जा उतरवून, महागुन्ह्याऐवजी अपराध. नागरिकांनी मागितले ते पूर्ण मिळाले नाही, पण फ्रान्सच्या कायद्याच्या पुस्तकात तो शब्द प्रथमच छापला गेला.

आता अडसर एकच होता, आणि तोच सर्वांत अवघड. इकोसाइड म्हणजे नेमके काय? नोव्हेंबर २०२० मध्ये बारा कायदेतज्ज्ञांचे मंडळ बसले. सेनेगलच्या दिओर फाल सो आणि ‘जेनोसाइड’च्या जन्मकथेवर पुस्तक लिहिणारे फिलिप सँड्स हे सहअध्यक्ष होते. साथीचे दिवस, बैठका पडद्यावर. व्याख्या फार रुंद केली तर शेत नांगरणाराही गुन्हेगार ठरेल. फार अरुंद केली तर कुणीच सापडणार नाही. रोम कराराच्या युद्धगुन्ह्यातले ते पुसट वाक्य नेमके याच दुसऱ्या दोषाने वांझ ठरले होते. तिथे हानी व्यापक, दीर्घकालीन आणि गंभीर अशी तिन्ही असावी लागे, तीही युद्धातच.

सहा महिन्यांच्या खलानंतर, जून २०२१ मध्ये, एक वाक्य बाहेर आले. गंभीर हानी होण्याची दाट शक्यता आहे हे ठाऊक असताना केलेले बेकायदेशीर किंवा बेगुमान कृत्य, आणि ती हानी एकतर व्यापक किंवा दीर्घकालीन. कुलपाची किल्ली या ‘किंवा’मध्ये होती. ‘आणि’च्या जागी ‘किंवा’ बसताच पन्नास वर्षे अडलेले दार किलकिले झाले. हेतूचे जुने भांडणही मिटले. निसर्गाचा नाश करण्याच्या हेतूने कुणी खाण खोदत नाही, म्हणून जाणीव असणे पुरेसे धरले. ‘बेगुमान’ हे ठरवताना मात्र अपेक्षित सामाजिक आणि आर्थिक लाभाशी हानीची तुलना करावी लागते. ही तडजोड मला खुपते. कारण लाभाचा हिशेब मांडणारा बहुधा लाभार्थीच असतो.

२०२४ मध्ये बेल्जियमच्या नव्या दंडसंहितेत इकोसाइड आला. युरोपीय संघाच्या पर्यावरणगुन्ह्यांवरच्या निर्देशातही त्याची सावली उमटली. आणि ९ सप्टेंबर २०२४ रोजी वानुआतू, फिजी व सामोआ या तीन बेटराष्ट्रांनी रोम करारात दुरुस्ती करण्याचा औपचारिक प्रस्ताव मांडला. तो मंजूर व्हायला सव्वाशेच्या आसपास सदस्यांपैकी दोन तृतीयांशांचे मत हवे. अमेरिका, चीन, रशिया आणि भारत तर या न्यायालयाचे सदस्यच नाहीत.

मंडळाने आपल्या व्याख्येला कलमाचा क्रमांकही सुचवून ठेवला आहे : लॅटिन पद्धतीने ‘आठ-तेर’. रोम कराराच्या छापील प्रतीत आक्रमणाचे ‘आठ-बिस’ संपते आणि खालच्या ओळीवर थेट नववे कलम सुरू होते.