गोष्टीतली मुलगी पुढं काय करते?

मागच्या उन्हाळ्यात मी महिनाभर दुबलगुंडीला, माहेरी होते. मे महिन्याचे दिवस. संध्याकाळी सात वाजले की लाईट जायची आणि घरातले सगळे माळवदावर जमायचे. चटया अंथरायच्या, पाण्याची घागर वर न्यायची आणि वाऱ्याची वाट बघत बसायचं. माझी भाची दहावीची परीक्षा देऊन निकालाची वाट बघत होती. तिच्यासोबत गल्लीतल्या चार-पाच मुली यायच्या. कुणाच्या घरी मराठी, कुणाच्या घरी कन्नड, एकीच्या घरी दखनी. पण गोष्ट ऐकायला बसल्या की सगळ्यांचा शब्द एकच, "मग?"

मी शाळेत इंग्रजी शिकवायची, आता निवृत्त झाले आहे. हैदराबादला गेले की रविवारी अबिड्सच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं चाळायची, ही सवय मात्र सुटलेली नाही. तिथं मिळालेली दोन पुस्तकं त्या वेळी माझ्या पिशवीत होती. दोन्ही चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींसाठी लिहिलेल्या अद्भुत कादंबऱ्या, आणि दोन्हींत मुख्य पात्र मुलगी. त्या मी मुलींना आपल्या भाषेत सांगायचं ठरवलं. सुरुवात करण्याआधीच एकीनं अट घातली, "आत्या, राजकन्येची सांगा, पण झोपलेली नको."

चांदोबातल्या राजकन्या

ती अट ऐकून मला माझं लहानपण आठवलं. अण्णा हुमनाबादच्या बाजाराला गेले की 'चांदोबा' आणायचे. मद्रासहून निघणारं 'चंदामामा' 1947 साली सुरू झालं आणि 1952 पासून ते मराठीत 'चांदोबा' म्हणून यायला लागलं. आमच्या शेजारी कन्नड 'चंदामामा' यायचा. चित्रं दोन्हीकडं तीच, अक्षरं तेवढी वेगळी. आम्ही अंक अदलाबदल करून चित्रांवरून गोष्टी जुळवायचो. खांद्यावर प्रेत आणि हातात तलवार घेऊन निघालेला विक्रम राजा तर आमच्या घरातलाच माणूस झाला होता.

लिंबाची काठी कमरेला खोचून आम्ही खेळायचो तेव्हा मला नेहमी विक्रम व्हायचं असायचं. राजकन्या व्हायला कुणीच तयार नसायचं, कारण तिला काही कामच नव्हतं! तिनं महालात बसायचं, राक्षसानं पळवायचं आणि शेवटी अर्ध्या राज्यासोबत कुणाला तरी मिळायचं.

पुढं मराठीतलं कुमार साहित्य हाती आलं. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. 1971 पासून 'बालभारती'चं 'किशोर' निघायला लागलं. या सगळ्यांनी आम्हाला वाचायला शिकवलं, त्यांचं ऋण मोठं आहे. ताम्हनकरांनी 'चिंगी'ही लिहिली. पण तो घरातला, रोजचा खट्याळपणा. जादूच्या राज्यात जाऊन काही करून दाखवणारी आमच्या वयाची मुलगी मला तरी त्या पुस्तकांत भेटली नाही.

मलम करणारी राजकन्या

म्हणून पहिली गोष्ट सांगितली ती एरिनची. रॉबिन मॅकिन्ली या अमेरिकन लेखिकेची 'द हीरो अँड द क्राउन' ही कादंबरी 1984 साली आली आणि पुढच्याच वर्षी तिला अमेरिकेत बालसाहित्याचं मानाचं न्यूबेरी पदक मिळालं. एरिन राजाची मुलगी, पण आई गेलेली, आणि त्या आईविषयी लोकांत कुजबुज. राजघराण्यातल्या प्रत्येकाला जादू येते, हिला येत नाही. एका जुन्या पुस्तकात तिला आगीपासून वाचवणाऱ्या मलमाची कृती सापडते, पण कशात किती घालायचं ते मात्र लिहिलेलं नसतं. मग ही मुलगी लपूनछपून प्रयोग करते. लाकडाला मलम फासायचं, जाळात धरायचं, जळलं की प्रमाण बदलून पुन्हा करायचं. असं एक-दोन दिवस नाही, काही वर्षं चालतं. मगच ती आग ओकणाऱ्या ड्रॅगनला सामोरी जाते. आणि पहिले ड्रॅगन असतात तरी केवढे? कुत्र्याएवढे, गावाला त्रास देणारे.

मला वाटलं होतं, मुलींना लढाई आवडेल. त्यांना मलम आवडलं. किती वेळा बिघडलं, कशात कालवलं, हात भाजला का, असे प्रश्न. माझ्या भाचीनं वेगळंच विचारलं, "आत्या, तिच्या बापानं जाऊ दिलं?"

मी क्षणभर थांबले. खरं म्हणजे एरिन पहिल्यांदा कुणाला न सांगताच जाते. भाऊ जिन्याच्या तोंडाशी बसून ऐकत होता. मी जे पुस्तकात आहे तेच सांगितलं. खाली उतरल्यावर तो म्हणाला, "अक्का, पोरींच्या डोक्यात काय भरायलीस? उद्या ड्रॅगन मारायला निघतील."

"ड्रॅगन राहू दे, त्यांना हुमनाबादची बस पकडता आली तरी पुरे," मी म्हणाले. त्याला काय म्हणायचंय ते मला माहीत होतं आणि मला काय म्हणायचंय ते त्याला. दहावीनंतर पीयूसीला मुलीला रोज बसनं पाठवायचं की नाही, यावर घरात दोन महिने चर्चा चालू होती. उदगीरकडचं एक स्थळही आलं होतं. लग्न अठरा पूर्ण झाल्यावरच, पण बोलणी आत्ता करून ठेवावी, असं त्यांचं म्हणणं. चर्चेत सगळे बोलत होते. जिच्याबद्दल चर्चा, ती भांडी लावत होती.

नाव गेलेली मुलगी

दुसरी गोष्ट अर्सुला ले ग्विन यांच्या 'द टूम्स ऑफ अ‍ॅटुआन'ची, 1971 सालची. टेनार नावाच्या लहानग्या मुलीला आईवडिलांपासून तोडून देवळाची पुजारीण करतात. तिचं नाव काढून घेतात. आता तिला म्हणायचं अर्हा, म्हणजे गिळलेली. जमिनीखालच्या अंधाऱ्या भुलभुलैयाची ती मालकीण. तिथल्या वाटा ती हातानं चाचपत पाठ करते. एक दिवस त्या अंधारात एक जादूगार चोरून शिरतो आणि अडकतो. त्याला मारायचं की पाणी द्यायचं, हे सर्वस्वी तिच्या हातात. ती पाणी देते. तो तिला तिचं खरं नाव परत देतो आणि दोघं बाहेर पडतात. जादू त्याच्याकडं आहे, पण वाट तिला ठाऊक आहे.

शेजारच्या सत्तरीच्या काकू त्या दिवशी आमच्यात येऊन बसल्या होत्या. त्या एकदम म्हणाल्या, "आमचं बी नाव लग्नात बदललं की."

मुली गप्प झाल्या. मग एकीनं विचारलं, "काकू, आधीचं काय होतं?" काकू लाजल्या, पदर तोंडाला लावला आणि हळूच नाव सांगितलं. पन्नास वर्षांत त्यांच्या तोंडून ते नाव कुणी ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून पोरींनी त्यांना त्याच नावाची काकू केलं. काकू रागावल्या नाहीत.

मला माझी आजी आठवली. तिचं माहेरचं नाव मला ती गेल्यावर कळलं.

आजीकडं होतं ते

आजीचं माहेर कन्नड. ती आम्हाला जेवू घालताना गोष्टी सांगायची, अर्ध्या कन्नडमध्ये, अर्ध्या मराठीत. त्यातली एक झाड होणाऱ्या मुलीची होती. गरीब म्हातारीची धाकटी मुलगी बहिणीला म्हणते, माझ्यावर एक घागर पाणी ओत, मी फुलांचं झाड होईन. फुलं अलगद तोड, पान दुखवू नकोस, मग दुसरी घागर ओत, मी परत माणूस होईन. ती फुलं विकून घर चालतं. राजपुत्र हे बघतो, लग्न करतो. आणि गोष्ट तिथं संपत नाही, तिथंच सुरू होते. नणंद हट्टानं तिला झाड व्हायला लावते, फांद्या ओरबाडते, उरलेलं पाणी कसंतरी फेकते. मुलगी धड झाड नाही, धड माणूस नाही, अशी हातापायांविना पडून राहते. शेवटी नवरा मोडलेली फांदी न फांदी जागेवर लावून पाणी ओततो, तेव्हा ती उठते.

पुढं कळलं की हीच गोष्ट ए. के. रामानुजन यांनी कर्नाटकात फिरून टिपून ठेवली आहे. म्हैसूरला जन्मलेले रामानुजन काही वर्षं बेळगावला शिकवत होते, नंतर शिकागोला गेले. 1993 साली ते वारले आणि 1997 साली या गोष्टीच्याच नावानं त्यांचा कन्नड लोककथांचा इंग्रजी संग्रह निघाला. बायकांनी सांगितलेल्या गोष्टींविषयी त्यांनी एक फार नेमकी गोष्ट दाखवून दिली आहे. पुरुष नायक असलेल्या कथेत लग्न शेवटी येतं, मुलगी म्हणजे बक्षीस. बाई नायिका असलेल्या कथेत लग्न बहुधा सुरुवातीलाच होतं, खरं संकट त्यानंतर येतं आणि त्यातून वाट तिलाच काढावी लागते. नवऱ्याला वाचवायचं कामही पुष्कळदा तिचंच.

आपली सावित्रीच बघा ना. वनपर्वातली ती मुलगी रथात बसून स्वतः नवरा शोधायला निघते. वर्षभरात मरणार हे कळूनही आपली निवड बदलत नाही. यमामागं चालत राहते आणि बोलण्यात त्याला हरवते. आपण वडाला सूत गुंडाळतो, पण तिनं घातलेला वाद मुलींना किती जणी सांगतो? तीच गोष्ट शहरजादची. कृष्णशास्त्री चिपळूणकरांपासून गौरी देशपांड्यांपर्यंत मराठीनं अरबी कथा वाचल्या. रोज रात्री गोष्ट अर्धी ठेवून जीव वाचवणारी ती वजिराची मुलगीच आहे. म्हणजे अशा मुली साता समुद्रापलीकडून आणाव्या लागल्या असं नाही. आजीच्या ताटाशी त्या होत्या. छापील पुस्तकांत मात्र आमच्या वाट्याला झोपलेल्या जास्त आल्या.

'मग?'

झाडाची गोष्ट मी निघायच्या आदल्या रात्री सांगितली. हातपाय नसलेली मुलगी गटारीत पडली आहे, इथं आले आणि लाईट आली. खालून वहिनीनं जेवायला हाक मारली. मुली उठायला लागल्या. जिन्याच्या तोंडाशी बसलेला भाऊ म्हणाला, "थांब अक्का. मग?"

मी पुढचं सांगितलं. मोडलेल्या फांद्या नवऱ्यानं कशा जुळवल्या ते सांगताना तो खाली बघत होता. संपल्यावर कुणी काही बोललं नाही. मग भाचीच म्हणाली, "अण्णा, मला सायन्स घ्यायचंय. बसनं आम्ही तिघी मिळून जाऊ." दोन महिन्यांच्या चर्चेत ती पहिल्यांदाच बोलली होती. भाऊ म्हणाला, "निकाल तर लागू दे."

निकाल लागला, जूनमध्ये अर्ज भरला गेला. गोष्टीमुळं हे झालं, असं मी म्हणणार नाही. मार्क चांगले पडले, सोबतीला मैत्रिणी होत्या, वहिनीनंही लावून धरलं. स्थळाचं बोलणं बंद झालेलं नाही, पुढं ढकललंय एवढंच. पण ते एक वाक्य तिनं स्वतःच्या तोंडानं म्हटलं, आणि ते म्हणायला तिला त्या माळवदावरच जमलं, हे मी पाहिलं आहे.

म्हणून एवढंच सुचवावंसं वाटतं. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या बायकांना गोष्टी विचारा, त्या विसरायच्या आत. मुलीच्या हातात जादूचं जाडजूड पुस्तक दिसलं तर लगेच अभ्यासाचं विचारू नका, त्यातली मुलगी पुढं काय करते ते विचारा. आणि सांगायला बसाल तेव्हा मुलांनाही जवळ बसवा. फांदी न मोडता फूल कसं तोडायचं, हे त्यांनाही ऐकू द्या.

परवा भाचीचा फोन आला होता. प्रयोगशाळेत काहीतरी सांडून ओढणीला भोक पडलं म्हणाली. "एरिनचं मलम पाहिजे होतं बघ, आत्या."