फाइल पोहोचली, पत्ता हरवला

वर्डप्रेसच्या संकेतस्थळावर कुणी एक पीडीएफ अपलोड करतो. सर्व्हरच्या ‘अपलोड्स’ फोल्डरमध्ये ती व्यवस्थित दिसते, पण पानावरच्या लिंकवर क्लिक केलं की काहीच उघडत नाही. फाइल शाबूत आहे. बिघडला आहे तो तिचा पत्ता.

वर्डप्रेसमध्ये फाइल डिस्कवर राहते आणि तिची माहिती डेटाबेसमध्ये. पोस्टला जोडलेल्या जादा माहितीसाठी ‘पोस्टमेटा’ नावाचा तक्ता असतो. त्यात चारच रकाने: नोंदीचा क्रमांक, पोस्टचा क्रमांक, माहितीचं नाव आणि तिचं मूल्य. पत्ता या शेवटच्या रकान्यात जातो, आणि तिथे जाताना कधीकधी त्याची मोडतोड होते.

विंडोज संगणकावर ती हमखास दिसते. ‘सी:\कामे\साइट’ असा पत्ता साठवायला दिला, की तक्त्यात ‘सी:कामेसाइट’ उरतं. उलट्या रेघा, म्हणजे बॅकस्लॅश, गायब!

याचं मूळ पीएचपी या भाषेच्या जुन्या सवयीत आहे. फॉर्ममधून आलेल्या मजकुरात अवतरणचिन्ह दिसलं, की पीएचपी त्याच्या आधी आपणहून बॅकस्लॅश घालत असे. डेटाबेसला घातक मजकुरापासून वाचवणं हा त्यामागचा हेतू. ही सोय ‘मॅजिक कोट्स’ नावाने ओळखली जाई. तिचा त्रासच जास्त झाला आणि २०१२ साली पीएचपी ५.४ मधून ती काढून टाकली गेली. वर्डप्रेसने मात्र जुन्या प्लगिनांसाठी तीच रीत स्वतःच्या बळावर चालू ठेवली. त्यामुळे मेटा साठवणारं फंक्शन आलेल्या मजकुरात जादा बॅकस्लॅश असणारच असं धरून चालतं आणि त्यांचा एक थर काढून टाकतं. विंडोजच्या पत्त्यातले खरे बॅकस्लॅशही त्यात जातात. उपाय सोपा आहे: साठवण्याआधी सगळे बॅकस्लॅश सरळ स्लॅशमध्ये बदलावेत. त्यासाठी वर्डप्रेसमध्ये तयार फंक्शनही आहे.

तक्त्यात काहीच उमटलं नसेल, तर आधी अपलोडचा फॉर्म तपासावा. त्यात ‘मल्टिपार्ट’ प्रकार नमूद नसेल, तर फाइलचं फक्त नाव सर्व्हरवर जातं, फाइल नाही. पीएचपीची मूळ मर्यादाही प्रति फाइल २ एमबी एवढीच असते. काही जण अपलोडवेळी पीएचपीने ठेवलेल्या तात्पुरत्या फाइलचा पत्ता साठवतात; ती फाइल हलवली नाही, तर विनंती संपताच पीएचपी ती पुसून टाकतं.

आणखी एक फसवी जागा म्हणजे ‘क्विक एडिट’. तिथून फक्त शीर्षक बदललं तरी पोस्ट साठवतानाचा कोड चालतो. सोबत फाइल नसते, आणि कोडने ते तपासलं नाही तर जुन्या पत्त्यावर रिकामं मूल्य लिहिलं जातं.

संपूर्ण पत्ता साठवणं मुळातच धोक्याचं, कारण सर्व्हर बदलला की तो निकामी होतो. वर्डप्रेस स्वतः ‘अपलोड्स’च्या पुढचा भागच नोंदवतं, उदाहरणार्थ ‘२०२४/०५/अहवाल.पीडीएफ’. नवं काम हाती घेणाऱ्यांनी याही पुढे जावं: फाइल मीडिया लायब्ररीत टाकावी, मेटामध्ये तिचा क्रमांक ठेवावा आणि पत्ता हवा तेव्हा वर्डप्रेसकडून मागून घ्यावा.