स्वेटर बाहुलीच्या मापाचा का होतो?

आईच्या कंगव्यातून एक लांब केस काढून आणा. तो अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरा आणि केसाच्या लांबीच्या दिशेने बोटं एकमेकांवर पुढे-मागे चोळा. बघा, बघा, केस चालायला लागला! तुम्ही चोळताय दोन्हीकडे, पण तो निघालाय एकाच दिशेने. त्याचं मुळाचं टोक पुढे, बाकीचा केस मागे.

गंमत आहे केसावरच्या खवल्यांची. छपरावर कौलं एकावर एक बसवतात ना, तसे हे खवले केसाच्या टोकाकडे तोंड करून बसलेले असतात. डोळ्यांना ते दिसत नाहीत, पण एका दिशेला बोट सरकन जातं आणि उलट दिशेला अडकतं.

आता लोकर म्हणजे काय? मेंढीचे केसच की! तिच्यावरही खवले असतात. लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात, साबणात घुसळला, की त्यातला प्रत्येक केस असाच चालायला लागतो. पुढे सरकतो, शेजाऱ्यात अडकतो आणि मागे येऊच शकत नाही. हजारो केसांची अशी घट्ट गुंतागुंत झाली, की बाबांचा स्वेटर बाहुलीच्या मापाचा होतो. तो पुन्हा ताणून सरळ करता येत नाही. काश्मीरमधले कारागीर मात्र हेच मुद्दाम घडवून आणतात! लोकरीचे थर पसरून, साबणाचं पाणी शिंपडून, गुंडाळून ते दाबत राहतात आणि त्यातून ‘नमदा’ नावाचं जाड, सुंदर अंथरूण तयार होतं.

रेशमाला खवले नसतात. एक रेशीमकिडा आपल्या कोशासाठी तब्बल ९०० मीटरपर्यंत लांब, अखंड धागा काढतो. पण लोकर आणि रेशीम यांच्यात एक नातं आहे. दोन्ही प्राण्यांकडून मिळतात आणि दोन्ही प्रथिनांचे बनलेले असतात. पुष्कळ धुण्याच्या पावडरींमध्ये दूध, अंडं, रक्त यांचे डाग काढण्यासाठी प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स घातलेली असतात. त्यांना डाग कुठला आणि रेशीम कुठलं, हे कसं कळणार? ती धागाही कुरतडतात. शिवाय भिजल्यावर रेशीम आणि लोकर अशक्त होतात. सुती धाग्याचं बरोबर उलटं. तो ओला झाला की जास्त मजबूत होतो, म्हणून धोबीघाटावर सुती चादर दगडावर आपटली तरी टिकते.

म्हणूनच नाजूक कपड्यांना ड्रायक्लीन करतात. त्यात कपडा कोरडा राहत नाही बरं का! फक्त पाण्याऐवजी तेलकट डाग विरघळवणारं दुसरं द्रव वापरतात. न्यूयॉर्कच्या थॉमस जेनिंग्ज या शिंप्याने १८२१ साली कपडे साफ करण्याच्या ‘ड्राय स्कावरिंग’ नावाच्या पद्धतीचं पेटंट मिळवलं. पण १८३६ साली पेटंट कार्यालयाला आग लागली आणि त्याची कृती जळून गेली!

मग रेशमी ओढणी घरी धुताच येत नाही का? साधी, अस्तर नसलेली असेल तर बहुतेक वेळा येते. पण आधी मोठ्यांना विचारा आणि लेबल बघा. टबमध्ये हाताचं चित्र असेल तर हाताने धुवायला हरकत नाही. टबवर फुली असेल तर पाणी नकोच. नंतर ओला पांढरा फडका ओढणीच्या आतल्या कोपऱ्यावर दाबा. फडक्याला रंग लागला तर ती थेट ड्रायक्लीनला द्या.

रंग नाही ना लागला? मग चार-पाच रिठे रात्री भिजत घाला. सकाळी काळ्या बिया काढून सालं कुस्करा आणि पाणी गाळून घ्या. त्यावर येणारा भरपूर फेस रिठ्यातल्या सॅपोनिन या साबणासारख्या पदार्थाचा! धुण्याच्या पावडरीसारखा तो रेशमावर कडकपणा करत नाही. हे पाणी डोळ्यांत मात्र जाऊ देऊ नका, फार झोंबतं. थंड पाण्याच्या बादलीत ते मिसळा, ओढणी दोन-तीन मिनिटं हलकेच खालीवर करा आणि स्वच्छ पाण्यातून काढा. पिळू नका! टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सावलीत वाळवा.

जरीची पैठणी, मखमल, अस्तराचा कोट यांच्यावर हा प्रयोग नको. जरीतला धातू काळवंडू शकतो आणि अस्तर व वरचं कापड कमी-जास्त आटून कोट वाकडातिकडा होतो.

पण खवल्यांची करामत तुम्हाला बघायचीच आहे ना? शुद्ध लोकरीच्या धाग्याचे दोन सारखे तुकडे घ्या. दुकानातली पुष्कळशी ‘लोकर’ अ‍ॅक्रिलिकची असते, तिला खवलेच नसतात, म्हणून विचारून घ्या. दोन्ही तुकड्यांच्या सैलसर गुंडाळ्या करा. एक थंड पाण्यात नुसती बुडवून काढा. दुसरी कोमट पाण्यात साबण लावून तळहातांमध्ये दहा मिनिटं चोळा. वाळल्यावर दोन्ही उलगडून बघा. एक सहज उलगडेल, दुसरी हट्टाने चिकटून बसेल. दोन्ही वहीत चिकटवा आणि खाली कारण तुमच्या शब्दांत लिहा!