घाई नक्की कुणाला?

नर्सरीचे प्रवेश जवळ आले, की घरोघरी एक मोहीम सुरू होते. ‘मूल शू-शी सांगतं का?’ असं अनेक शाळा विचारतात आणि इतके दिवस डायपरच्या भरवशावर निर्धास्त असलेले आई-बाबा पोराला दर अर्ध्या तासाने बसवू लागतात. घाई पोराला नसते, मोठ्यांना लागलेली असते.

आपल्या आज्या पाय पसरून बाळाला दोन्ही पावलांवर बसवायच्या आणि तोंडाने ‘शूऽऽ’ करायच्या. बाळाला खुणेची सवय लागायची. पण वेळ ओळखायची हुशारी आजीची. स्वतःचा ताबा साधारण दीड वर्षानंतर येऊ लागतो, कुणाला तिसऱ्या वर्षीही. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२ साली १,१७० मुलांच्या नोंदींवरून हेच मांडलं: आधी मुलाची तयारी बघा, मग शिकवा. दोन तास कोरडं राहणं, चड्डी खाली ओढता येणं, साधी सूचना कळणं, ही ती तयारी.

बँकेत मी आयुष्यभर मुदत ठेवींच्या पावत्यांवर तारखा घातल्या. पोराच्या शरीरावर अशी तारीख घालता येत नाही. घालू गेलं, तर ओरडा बसतो, मूल धास्तावतं आणि शी रोखून धरतं. रोखलेली शी घट्ट होते, दुखते. दुखते म्हणून ते आणखी रोखतं. मग साठलेल्या खड्यांच्या बाजूने पातळ शी झिरपून चड्डीला डाग पडतात. घरचे म्हणतात, ‘मुद्दाम करतो!’ वास्तविक तो बद्धकोष्ठ असतो. तिथे डॉक्टर हवा, धपाटा नव्हे.

करायचं ते फार थोडं. जेवणानंतर आतडी आपोआप हलतात. तेव्हा पाचेक मिनिटं बसवावं. कमोडवर पाय लोंबकळत असतील, तर खाली पाट ठेवावा. पाय टेकल्याशिवाय जोर लागत नाही. झालं तर कौतुक, नाही झालं तर उठवावं. रात्रीचा कोरडेपणा आणखी उशिरा येतो; पाच वर्षांपर्यंत अंथरूण ओलं झालं, तरी तो आजार मानत नाहीत.

राहता राहिल्या शाळा. त्यांनी प्रवेशाच्या वेळी दप्तरात एक जादा चड्डी मागावी. तेवढ्याने पोरांचं आणि आई-बापांचं निम्मं ओझं उतरेल.