स्वयंचलित गिअरव्यवस्थेतील चालन-पद्धती व पॅडल-शिफ्ट : कार्यतत्त्व आणि घाटरस्त्यावरील उपयोग

प्रस्तावना :

मोटारगाडीच्या सुकाणूचक्रामागे बसविलेल्या '+' आणि '−' अशा खुणांच्या दोन लहान पट्ट्या, तसेच 'इको', 'सिटी', 'स्पोर्ट' अशी नावे असलेली बटणे ही एकेकाळी केवळ शर्यतीच्या व अतिमहाग मोटारींची मिरासदारी होती. आज मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आवाक्यातील गाड्यांतही ही साधने आढळतात. केडगाव हे अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) शहराचे पुणे रस्त्यावरील उपनगर होय. याच रस्त्याने पुण्याच्या दिशेने गेल्यास सुमारे सत्तर किलोमीटरवर रांजणगावची औद्योगिक वसाहत लागते. तेथील टाटा व फियाट यांच्या संयुक्त कारखान्यात तयार होणाऱ्या 'नेक्सॉन' गाडीस २०१८ मध्ये स्वयंचलित गिअरबदलाची व २०२३ मध्ये दुहेरी क्लच व पॅडल-शिफ्टची जोड मिळाली. चाकण येथे तयार होणाऱ्या फोक्सवॅगन 'व्हर्टस जीटी' या २०२२ च्या गाडीतही अशीच योजना आहे.

साधन हाती आले, तरी त्यामागील तत्त्व वापरणाऱ्यांपर्यंत पोहोचलेच असे नाही. पॅडल म्हणजे वेगाची हौस, असा समज सर्वत्र दिसतो. वस्तुतः वेग वाढविण्यापेक्षा तो आवरण्यासाठी हे साधन अधिक मोलाचे आहे. प्रस्तुत लेखात या व्यवस्थेचे कार्यतत्त्व व तिचा घाटरस्त्यावरील उपयोग यांचे विवेचन केले आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

अमेरिकेत जनरल मोटर्सने १९४० च्या ओल्ड्समोबाईल गाड्यांत 'हायड्रामॅटिक' ही पूर्ण स्वयंचलित गिअरव्यवस्था प्रथम मोठ्या प्रमाणावर आणली. सोय वाढली, परंतु गिअर निवडण्याचा चालकाचा अधिकार संकुचित झाला. १९८९ च्या फॉर्म्युला वन हंगामात फेरारीने सुकाणूचक्रामागील पट्ट्यांनी गिअर बदलणारी गाडी उतरविली. नायजेल मॅन्सेल यांनी ब्राझीलमधील त्या हंगामाची पहिलीच शर्यत तीवर जिंकली. १९९७ मध्ये फेरारीच्याच 'एफ ३५५' या गाडीतून पॅडल सामान्य रस्त्यावर आले. २००३ मध्ये फोक्सवॅगनने 'गोल्फ आर ३२' मध्ये दुहेरी क्लचची गिअरपेटी देऊन हे तंत्र अधिक सर्वसामान्य ग्राहकापर्यंत नेले.

गिअरपेटीचे प्रकार :

पॅडलचा परिणाम त्यामागे कोणती गिअरपेटी आहे यावर अवलंबून असतो. म्हणून तिचे प्रमुख प्रकार पाहणे आवश्यक ठरते.

१) टॉर्क कन्व्हर्टर : यात इंजिन व गिअरपेटी यांच्यामध्ये तेलाचे माध्यम असते. त्यामुळे गाडी धक्का न बसता सुटते. ग्रहगतीच्या दातेरी चक्रांतून निरनिराळे गिअर साधले जातात.

२) स्वयंचलित केलेली मानवी गिअरपेटी : नेहमीच्या गिअरपेटीवर क्लच व गिअर हलविणारी यंत्रे बसवून ही तयार होते. ती स्वस्त असते, परंतु प्रत्येक बदलाच्या वेळी शक्तीचा ओघ क्षणभर खंडित होतो व प्रवाशास हलकासा हिसका जाणवतो.

३) दुहेरी क्लच : विषम क्रमांकाचे गिअर एका क्लचवर, तर सम क्रमांकाचे दुसऱ्यावर असतात. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये असतानाच चौथा तयार ठेवला जातो. एक क्लच सुटत असतानाच दुसरा धरला जातो व शक्तीचा ओघ जवळजवळ अखंड राहतो. 'नेक्सॉन'मधील क्लच तेलात बुडालेले, तर 'व्हर्टस'मधील कोरडे आहेत.

४) सततबदल गिअरव्यवस्था : यात ठरावीक गिअर नसतातच. पट्टा व कप्पी यांच्या साहाय्याने गुणोत्तर अखंडपणे बदलते. अशा गाडीतील पॅडल केवळ ठरवून दिलेल्या काही गुणोत्तरांवर थांबण्याची आज्ञा देते.

चालन-पद्धती म्हणजे काय ?

स्वयंचलित गिअरपेटीचे नियंत्रण एक लहान संगणक करतो. प्रवेगक किती दाबला आहे, गाडीचा वेग व इंजिनाचे फेरे किती आहेत, ब्रेक लावला आहे काय, या गोष्टींची नोंद घेऊन तो आपल्या स्मृतीतील तक्त्यानुसार गिअर ठरवितो. चालन-पद्धती बदलणे म्हणजे हा तक्ता बदलणे होय.

'इको' पद्धतीत वरचा गिअर लवकर पडतो, इंजिनाचे फेरे कमी राहतात व प्रवेगकाला मिळणारा प्रतिसाद सौम्य होतो. 'स्पोर्ट' पद्धतीत वरचा गिअर उशिरा पडतो, खालचा लवकर येतो व तेवढ्याच दाबास इंजिन अधिक तीव्र प्रतिसाद देते. महागड्या गाड्यांत याखेरीज सुकाणूचा जडपणा व धक्काशोषकांचा ताठरपणाही बदलतो. चाकण येथे २०२० पासून जोडणी सुरू झालेली मर्सिडीज-एएमजी 'जीएलसी ४३ कूपे' हे या वर्गाचे उदाहरण होय. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवली पाहिजे. केवळ तक्ता बदलल्याने इंजिनाची मूळ क्षमता वाढत नाही. आहे ती शक्ती किती लवकर हाती यावी, एवढेच ठरते.

पॅडलचे कार्य :

पॅडल हे यांत्रिक दांड्यासारखे गिअर प्रत्यक्ष हलवीत नाही. ते एक विद्युत-बटण आहे. त्यातून संगणकाकडे केवळ विनंती जाते. खालचा गिअर घेतल्यास इंजिनाचे फेरे सुरक्षित मर्यादेबाहेर जाणार असतील, तर ती नाकारली जाते. अनेक गाड्यांत 'डी' स्थितीत पॅडल दाबल्यास मानवी नियंत्रण तात्पुरते मिळते व काही वेळाने व्यवस्था आपोआप पूर्ववत होते. दीर्घ उतारावर हे गैरसोयीचे ठरू शकते. अशा वेळी गिअरदांडा मानवी स्थितीत नेऊन ठेवणे श्रेयस्कर. या बाबतीत गाडीगणिक फरक असल्याने पुस्तिका वाचणे अगत्याचे आहे.

घाटातील उतार व इंजिनाचा रोध :

नगरहून अनेक दिशांना निघाले तरी घाट चुकत नाही. पुणे रस्त्यावर कामरगावचा, छत्रपती संभाजीनगरच्या वाटेवर इमामपूरचा, पाथर्डीकडे करंजीचा, तर कल्याणकडे जाताना माळशेजचा. तेव्हा उताराचे गणित येथील चालकास परके नसावे.

उदाहरणादाखल १३०० किलोग्रॅम वजनाची गाडी ६ टक्के उतारावरून ताशी ५० किलोमीटर या स्थिर वेगाने उतरत आहे असे मानू. गुरुत्वाकर्षणामुळे तिला पुढे ओढणारे बल सुमारे ७६५ न्यूटन येते. हवेचा व टायरांचा रोध मिळून सुमारे २४० न्यूटन वजा केल्यास ५२५ न्यूटन उरतात. या वेगास त्याची शक्ती सुमारे ७.३ किलोवॉट होते. म्हणजे एक किलोवॉटच्या सात विजेच्या शेगड्यांइतकी उष्णता ब्रेकमध्ये सतत निर्माण होत राहील.

आता प्रवेगक सोडलेल्या इंजिनाचा रोध २० न्यूटन-मीटर धरू. पाचव्या गिअरमध्ये इंजिनाचे मिनिटाला १५०० फेरे होत असतील, तर ते सुमारे ३ किलोवॉट शोषून घेते. दुसऱ्या गिअरमध्ये फेरे ३५०० झाल्यास हाच आकडा ७.३ किलोवॉटपर्यंत जातो. अर्थात, ब्रेकला जवळजवळ पूर्ण विश्रांती मिळते. 'डी' स्थितीतील संगणक मात्र प्रवेगक सोडल्याचे पाहून पुष्कळदा वरचाच गिअर धरून ठेवतो. चालकापुढे उतार आहे हे त्यास प्रत्येक वेळी उमगतेच असे नाही. डावे पॅडल येथे उपयोगी पडते.

ब्रेकवर सतत पाय ठेवल्यास अस्तरे तापून त्यांची पकड घटते. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते. 'डॉट ४' प्रतीच्या नव्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा शोषलेल्या तेलासाठी ही किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. तेल उकळून वाफ झाली, की पायपट्टी पोकळ दबते आणि ब्रेक लागत नाही. घाटातील अनेक अपघातांच्या मुळाशी हीच प्रक्रिया असते.

दोन अपसमज :

इंधन वाचविण्यासाठी उतारावर गाडी 'न्यूट्रल' करण्याची प्रथा आपल्याकडे रूढ आहे. कार्ब्युरेटरच्या काळात तिला काही आधार तरी होता. आधुनिक इंजिनात मात्र गिअर असताना प्रवेगक सोडला, की इंधनाचा पुरवठा तोडला जातो व चाकेच इंजिन फिरवितात. 'न्यूट्रल'मध्ये इंजिन चालू ठेवण्यासाठी उलट इंधन लागते. म्हणजे 'न्यूट्रल' केल्याने त्या उतारावर इंधन वाचत नाही, आणि इंजिनाचा रोधही हातचा जातो.

दुसरा अपसमज चढावरचा. चढावर थांबलेली गाडी केवळ प्रवेगकाच्या आधाराने तोलून धरणे क्लच असलेल्या स्वयंचलित गाड्यांस घातक असते. विशेषतः कोरड्या क्लचच्या गाडीत घर्षणाने क्लच तापतो व झिजतो. थांबताना ब्रेकच वापरावा.

समारोप :

चालन-पद्धती ही संगणकाच्या निर्णयाची चौकट आहे, तर पॅडल हे त्या निर्णयात हस्तक्षेप करण्याचे साधन आहे. विजेवरील काही गाड्यांत गिअर नसूनही पॅडल असते. त्याने मोटारीच्या साहाय्याने होणाऱ्या ऊर्जापुनर्प्राप्तीचे व त्याबरोबर येणाऱ्या रोधाचे प्रमाण कमीअधिक करता येते. शर्यतीसाठी जन्मलेले हे साधन अशा रीतीने वेग आवरण्याच्या कामी रुजत आहे. वरील गणितास पदवीच्या पहिल्या वर्षाचे पदार्थविज्ञान पुरेसे आहे. बल, शक्ती व उष्णता हे घटक शिकविताना करंजी वा इमामपूर घाटाचे उदाहरण घेतल्यास विषय सुबोध होईल. शिवाय, दररोज या रस्त्यांनी महाविद्यालयात ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या हाती सुरक्षिततेचे एक साधे सूत्रही पडेल : ज्या उतारावरून जावयाचे, त्याच्या आरंभीच खालचा गिअर घ्यावा.