चांगल्या बीपीचा चकवा

गरोदर बाईला रक्तस्राव होतोय, अॅम्ब्युलन्समध्ये बीपी ११०/७० भरलं, की सोबतच्यांचा जीव भांड्यात पडतो. घात होतो तो इथंच. दिवस भरत येईपर्यंत गर्भवतीच्या रक्ताचं प्रमाण ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं. बाळंतपणात जाणाऱ्या रक्ताची ही निसर्गानं केलेली आगाऊ तजवीज; पण तिच्यामुळेच लिटरभर रक्त गेलं तरी दाब फारसा ढळत नाही. मेंदू आणि हृदय सांभाळण्यासाठी शरीर इतर रक्तवाहिन्या आवळतं, त्यात गर्भाशयाच्याही आल्या. आईचा आकडा शाबूत असताना बाळाचा रक्तपुरवठा घटू लागलेला असू शकतो. म्हणून नाडी मोजून तिला वरच्या बीपीनं भागावं. हा ‘शॉक इंडेक्स’ ०.९ वर गेला, तर बीपी कितीही बरं दिसो, धोका समजावा. नाडी ११० आणि वरचं बीपीही ११० असेल, तर तो १ होतो. डोळ्यांना दिसणाऱ्या रक्तावरही भिस्त नको: वार वेळेआधी सुटली तर रक्त तिच्यामागे साठतं, पोट दुखतं, कडक होतं, आणि कपड्यावर मात्र डागच दिसतो.

मग प्रत्येक डागासाठी १०८ बोलवायची का? आक्षेप रास्त आहे. पहिल्या तीन महिन्यांत साधारण चारातल्या एकीला थोडंफार रक्त जातं आणि त्यातल्या अनेकींची गर्भारपणं सुखरूप पार पडतात. दुखणं नाही, चक्कर नाही, नाडी शांत आहे, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवणं पुरेसं. पण पोटात कळ, घेरी किंवा खांदा दुखणं असेल, तर गर्भनलिकेतला गर्भ फुटल्याची शंका घ्यावीच लागते. पाचव्या महिन्यानंतर तर वाट पाहणं नकोच. तेव्हा वेदनेशिवाय येणारं लालभडक रक्त वार खाली असल्याचं लक्षण असू शकतं. अशा वेळी वाटेत आतून तपासणी केली तर रक्ताचा लोंढा सुटू शकतो.

‘आधी जवळच्या दवाखान्यात सलाइन तरी लावू’ हा सल्ला सद्भावनेचा असला तरी अपुरा आहे. सलाइन प्राणवायू वाहून नेत नाही आणि जास्त दिलं तर रक्त गोठवणारे घटक पातळ करतं. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, सुमारे २०,००० स्त्रियांवरच्या ‘वुमन’ चाचणीत ट्रॅनेक्सामिक अॅसिड हे रक्तस्राव रोखणारं औषध तीन तासांच्या आत दिल्यास रक्तस्रावानं होणारे मृत्यू घटले. पण तो अभ्यास बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाचा होता, त्याचा निष्कर्ष आधीच्या रक्तस्रावाला सरसकट लावता येत नाही. तेव्हा बाईला डाव्या कुशीवर निजवावं, म्हणजे गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर पडत नाही. ऑक्सिजन, सलाइनची सुई हे सगळं गाडी चालू ठेवूनच करावं. आणि गाडी सुटतानाच फोन जावा तो रक्त, भूल आणि सिझेरियन, तिन्हींची सोय असलेल्या रुग्णालयाला: कितवा महिना, नाडी किती, रक्तगट कोणता.