लिस्बनचं वार्तापत्र : एक कृती कुलपात, एक उघडी

लिस्बनच्या बेलें भागात अंड्याच्या बलकाची, वरून करपल्यासारखे डाग पडलेली एक इवलीशी गोड वाटी मिळते. 1837 पासून तिची कृती मोजक्याच हलवायांना ठाऊक. ते बंद दाराआड सारण करतात, बाहेर जगभरचे पर्यटक रांग लावतात. पोर्तुगीजांना या गुप्ततेचा कोण अभिमान!

तिथून नदीकाठाने पश्चिमेला चालत गेलं की शांपालिमो फाउंडेशनच्या फिकट दगडी भिंती दिसतात. मांडवीकाठी पणजीची कला अकादमी उभारणाऱ्या चार्ल्स कोरियांचीच ही वास्तू, 2010 साली उघडलेली. आत मेंदूचं संशोधन चालतं, आणि इथली रीत त्या हलवायांच्या नेमकी उलटी आहे. गोन्सालो लोपेश यांनी इथे संशोधन करताना 'बोन्साय' ही संगणकप्रणाली घडवली आणि सगळ्यांना मोकळी करून दिली. उंदीर ठरलेल्या कोपऱ्यात पोचल्याचं कॅमेऱ्याला दिसताच त्याच्या मेंदूतल्या निवडक पेशींवर प्रकाश टाकायचा, असली कामं तिच्यावर बेतता येतात.

याच शहरात 'ओपन एफिस'ची, मेंदूतले विद्युत संकेत टिपणारी खुली उपकरणं तयार होतात. जॉश सीगल आणि याकोब व्होइग्ट्स यांनी 2011 च्या सुमारास अमेरिकेत हा उद्योग मांडला. अडचण साधी होती. चेतापेशीचा ठोका जेमतेम एक मिलिसेकंद टिकतो, आणि बाहेरून टिपला तर व्होल्टच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास भरतो. तो तसाच लांब तारेतून आणला तर खोलीतल्या दिव्यांची गुणगुण त्याला गिळून टाकते. म्हणून नखाहून लहान चिप थेट उंदराच्या डोक्यावर बसवतात. ती 32 तारांवरचे संकेत तिथल्या तिथे वाढवते, आकड्यांत बदलते, आणि पातळ केबलने खाली पाठवते. प्रत्येक तारेवर सेकंदाला 30,000 नोंदी. हे आकडे गोळा करणाऱ्या पेटीचे आराखडे आणि प्रणालीची संहिता दोन्ही खुली. संकेत साफ करणाऱ्या गाळणीत काय गळालं, हे संशोधकाला स्वतः उघडून पाहता येतं. माझ्या मते स्वस्ताईपेक्षा हे मोलाचं: बंद पेटीतून आलेला आलेख शेवटी विश्वासावरच घ्यावा लागतो.

पोर्तुगीजांचा एक लाडका शब्द आहे, 'देझेनराश्कांसु'. गुंता झाला की हाताशी असेल त्यावर भागवून सुटायचं, म्हणजे आपला जुगाडच. खुली उपकरणंही तशीच असतील असं मला वाटायचं. पण इथे तारांना डाख देताना एक सांधा कच्चा राहिला तर महिन्यांचा प्रयोग फुकट जाऊ शकतो, म्हणून जुगाडाला जागा नाही. आराखडा फुकट असूनही पुष्कळ प्रयोगशाळा तयार पेटी विकत घेतात, ती यामुळेच. पुरणपोळीची कृती घरोघरी माहीत असते, तरी होळीला बाहेरून मागवणारे आपण आहोतच की!

बलकाची वाटी मात्र मी अजून घरी करून पाहिलेली नाही. रांगेतच उभा राहतो.